क्रूझ अनुभव धागा: मुंबईची कॉर्डेलिया की सिंगापूरची रॉयल कॅरिबियन?

मंडळी, आमच्या राजारामपुरीतल्या भिशीत गेल्या महिन्यात क्रूझवरून चांगलीच जुंपली. मोठ्या जाऊबाईंचं म्हणणं, मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीच्या बोटीनं जावं. धाकट्या नणंदेचं म्हणणं, एकदाच खर्च करायचा तर सिंगापूर गाठून रॉयल कॅरिबियनच करावी. मी दोन्ही केल्यात, म्हणून पंच म्हणून मला बसवलं आणि बोलणी दोन्हीकडून मीच खाल्ली. म्हणून हा धागा. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीकडून जे जे बोटीत चढलेत त्यांनी लिहा. नुसते व्हिडिओ बघितलेल्यांनी वाचा फक्त. तक्रार असेल तर जरूर सांगा, पण तिथं कंपनीचं नाव नको. माहिती हवी, भांडण नको.

सुरुवात माझ्यापासून.

कॉर्डेलिया आम्ही 2022 च्या डिसेंबरात केली, घरची बावीस माणसं. महालक्ष्मी एक्सप्रेसनं सकाळी सीएसएमटी, तिथून टॅक्सीनं बॅलार्ड पिअर. बोटीचं नाव एम्प्रेस. 1990 साली बांधलेली ही बोट आधी रॉयल कॅरिबियनकडेच होती. 2021 च्या सप्टेंबरपासून कॉर्डेलियाच्या नावानं मुंबईहून फिरायला लागली. म्हणजे जाऊबाई आणि नणंदबाई एकाच माहेरच्या दोन बोटींवरून भांडत होत्या. हे सांगितल्यावर भिशीत जरा शांतता झाली.

सामान तपासताना सासूबाईंची पिशवी अडली. आत पितळी नीरांजन, फुलवातींची डबी, कापूर आणि काडेपेटी. बोटीवर उघडी ज्योत कुठंच चालत नाही, आग ही समुद्रावरची सगळ्यात मोठी भीती. तिथल्या पोरीनं कापूर आणि काडेपेटी काढून घेतली, नीरांजन मात्र हातात परत दिलं. "आजी, हे ठेवा, पेटवू नका." सासूबाई दिवसभर कुणाशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी त्यांच्या खोलीत डोकावले तर आरशापुढं नीरांजन मांडलेलं, आत कोरडी वात, शेजारी जेवणाच्या टेबलावरून उचलून आणलेलं एक फूल, आणि बाई हात जोडून उभ्या.

त्या बोटीवर वातावरण लग्नघराचं. लिफ्टमध्ये भेटलेलं माणूस तिसऱ्या मजल्यावर "कुठले तुम्ही?" विचारतं आणि सातव्यावर सांगलीच्या विश्रामबागेतल्या ओळखी निघतात. रात्री हिंदी गाणी, गरबा, डेकवर पोरांचा दंगा. खोल्या लहान, कारण तेव्हाच्या बोटी तशाच बांधत. पण खोलीत थांबतं कोण? अकरा मजले, अठराशेच्या आसपास प्रवासी. दुसऱ्या दिवशी तर अर्धे चेहरे ओळखीचे झालेले.

रॉयल कॅरिबियनची स्पेक्ट्रम ऑफ द सीज आम्ही चौघांनी 2024 च्या जानेवारीत केली. 2019 ची बोट, सोळा मजले, चार हजारांवर माणसं. एम्प्रेस 211 मीटर लांब, ही 347. पहिल्या दिवशी माझे पाय दुखले ते फिरून नव्हे, तर आपली खोली शोधून. क्रेनसारख्या हाताला जोडलेली एक काचेची कुपी आहे, नॉर्थ स्टार. समुद्रापासून तीनशे फूट वर नेते. पोरं खाली टकरीच्या गाड्या खेळत होती. मागच्या टोकाला टू-सेव्हन्टी नावाचं सभागृह आहे. दिवसा उंचच्या उंच काचांतून मागं सुटलेलं पाणी दिसतं, रात्री त्याच काचांवर चित्रं उमटतात आणि यंत्राच्या हातांवर बसवलेले पडदे नाचायला लागतात. माझे यजमान नाटकाला झोपणारे, तिथं मात्र शेवटपर्यंत जागे.

पण चार दिवसांत "कुठले तुम्ही?" असं आम्हाला कुणीही विचारलं नाही. एक अपवाद. मी पर्समध्ये कांदा-लसूण चटणीची छोटी बाटली नेली होती. डाळीवर ती घालताना आमचा वेटर थबकला. "ताई, कोल्हापूर का?" पोरगा देवरुखचा निघाला. सात महिने घरी गेला नव्हता. उतरायच्या आदल्या रात्री मी अर्धी उरलेली बाटली त्याच्या हातात ठेवली. त्यानं ती रुमालात गुंडाळून अशी खिशात टाकली, की कुणी बघितलं तर सोनं चोरलंय म्हणेल.

खर्चाचं एक सांगते. तिथं तिकिटाच्या वर माणशी दर दिवसाची टिप डॉलरमध्ये आपोआप लागते, हे आधी धरून चाला. आणि एका खोलीतल्या एका प्रौढानं दारूचं पॅकेज घेतलं तर दुसऱ्यालाही घ्यावं लागतं. यजमानांचा उत्साह तिथंच उतरला. आता तुम्ही लिहा.

शिवाजी पेठ
आम्ही चौघं मित्र कॉर्डेलियानं मुंबई-गोवा. घरी सांगितल्यावर वडील म्हटले, "आरं, गोवा आंबोलीवरनं चार-पाच तासांचा रस्ता, तू त्याच्यासाठी रात्रभर रेल्वेनं उलटा मुंबईला जाणार?" बरोबरच होतं त्यांचं. पण आम्ही शहाणपणा केला. एकेरी तिकीट काढलं, मुरगावला उतरलो, तिथं भावानं गाडी आणलेली. दुपारी सावंतवाडीत जेवण, रात्री घरी. परतीचा दिवस वाचला, पैसे बी वाचले. बोटीबद्दल म्हणाल तर लै भारी. पोहायच्या टाकीजवळ गर्दी व्हती, ती मात्र रंकाळ्यावरच्या रविवारसारखी. सिंगापूरची केली नाही, पासपोर्ट अजून काढायचाय. मुंबई-गोव्याला आधार कार्डावर काम झालं.

जयसिंगपूर
आमचं जैन घर. बोट कुठली यापेक्षा ताटात काय, हा आमचा पहिला प्रश्न. कॉर्डेलियावर जैन जेवण मागितलं की मिळालं, कंदमूळ नाही, समजावून सांगावं लागलं नाही. सिंगापूरहून आम्ही रॉयल नाही, जेंटिंग ड्रीम केली, 2023 मध्ये. तिथंही भारतीय शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय आहे, त्यामुळं गुजराती-मारवाडी कुटुंबं भरपूर. पण आईचा चौविहार. सूर्यास्ताआधी जेवायचं, आणि जेवणघराची वेळ आपल्या सूर्याप्रमाणं थोडीच असते? आम्ही पहिल्याच दिवशी मुख्य आचाऱ्याला भेटून सांगितलं. रोज पावणेसहाला एक ताट तयार. विचारलं तर होतं, न विचारता रुसून बसलं तर नाही. खाखरे, कोरड्या चटण्या बंद पाकिटात न्या. घरचा शिजवलेला डबा नेऊ नका, अडवतात. इलेक्ट्रिक किटली पण नको, माझी काढून घेतली, उतरताना परत दिली.

शिवाजी उद्यमनगर
माझं मशीन शॉप आहे. एका कंपनीच्या डीलर मीटला मुंबईची झाली, पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीकडून सिंगापूरची. दोन्ही फुकट, त्यामुळं माझं मत फुकटचं समजा. लोक नाच-गाणी बघतात, मी कंपन बघतो. स्पेक्ट्रमला अॅझिपॉड आहेत. म्हणजे पंखा आणि त्याची विजेची मोटर एका शेंगेत बसवून ती शेंगच बोटीच्या बुडाखाली फिरवतात. लांब शाफ्ट नाही, वेगळं सुकाणू नाही. धक्क्याला लागताना एवढं धूड जागच्या जागी वळताना बघितलं आणि मी बाकीच्यांबरोबर जेवायला गेलोच नाही, कठड्याला टेकून उभा राहिलो. बोट डोलू नये म्हणून दोन्ही बाजूंना पाण्याखाली माशाच्या परासारखे स्टॅबिलायझर असतात. तरी ज्याला लागायचं त्याला बोट लागतेच. उपाय एकच: खोली घेताना मधली आणि खालच्या मजल्यावरची घ्या. तराजूचा मधला भाग सगळ्यात कमी हलतो, तसंच. वरच्या मजल्यावर टोकाची बाल्कनीवाली खोली घेऊन मग आलं चघळत बसणारे आमच्याच ग्रुपमध्ये सहा जण होते.

महाद्वार रोड
दोन्ही केल्या. दोन्हीकडं रांगा. पुढच्या वर्षी तारकर्ली.

रुईकर कॉलनी
तक्रार आहे म्हणून नियमाप्रमाणं नाव घालत नाही. फोन एअरप्लेन मोडवर टाकायला विसरलो. किनारा सुटला की बोटीवरचं स्वतःचं उपग्रह नेटवर्क फोन पकडतो आणि ते आपल्या नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये बसत नाही. मी नातवाशी अकरा मिनिटं व्हिडिओवर बोललो. बिल बघून सौ. म्हणाल्या, "एवढ्यात नातवालाच बोटीवर आणला असता." ग्राहक सेवेला पाच पत्रं लिहिली, काही उपयोग झाला नाही. चूक माझीही आहेच. पण चढताना एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यायला काय जातं? सुरक्षेच्या कवायतीला सात छोटे भोंगे आणि एक लांब, हे आमच्याकडून पाठ करून घेतलं. नववा भोंगा फोनसाठी वाजवा की!

गडहिंग्लज
ताई, बाकी सगळे बोटीवरचं लिहितायत, मी उतरल्यावरचं लिहिते. सिंगापूरहून जायचं तर सिंगापूरचा व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशाचा आहे ना, बघून घ्या, कारण तुम्ही बाहेर पडून परत येता. मलेशियाला 1 डिसेंबर 2023 पासून आपल्याला व्हिसा लागत नाही, पण आगमनाचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. पोर्ट क्लँगला उतरून "क्वालालंपूर बघून येऊ" म्हणणाऱ्यांनो, जायलाच तासाहून जास्त लागतो.

आमची फजिती फुकेतची. थायलंडचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागं. फोननं आपोआप तिथली वेळ घेतली, बोटीनं आपली बदलली नव्हती. आम्ही किनाऱ्यावर नारळपाणी पीत निवांत, अजून सव्वा तास आहे म्हणून. शेजारच्या एका पंजाबी काकूंनी हातातलं काट्याचं घड्याळ दाखवलं तेव्हा ब्रह्मांड आठवलं. चपला हातात घेऊन वाळूतनं पळालो. शेवटच्या छोट्या बोटीत आम्हीच. आमचे हे एरवी बस स्टँडवर गाडी सुटायच्या एक तास आधी जाऊन बसणारे! तेव्हापासून प्रवासात साधं घड्याळ, बोटीच्या वेळेवर लावलेलं. मोठी बोट कुणासाठी थांबत नाही. फक्त त्यांच्याच सहलीला गेलेल्यांची वाट बघतात.

कसबा बावडा
नातू टाइप करतोय, मी सांगतोय. माझं वय ब्याऐंशी. तुमच्या या बोटींच्या आधी मुंबई-गोवा बोट होती, 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' असली नावं. कोल्हापूरहून एसटीनं रत्नागिरी, आणि तिथनं बोट, कारण मुंबईत चुलते गिरणीत होते. बोट लांब उभी राहायची. होडीतनं तिच्यापाशी न्यायचे आणि लाट वर आली की खलाशी बकोटीला धरून वर ओढायचा. डेकवर चटई टाकायची, शेजारी आंब्याच्या पेट्या, कोंबड्या, ओकणारी माणसं. पहाटे भाऊचा धक्का.

मुलानं गेल्या हिवाळ्यात कॉर्डेलियानं लक्षद्वीपला नेलं. तिथंही बोट लांब उभी करतात आणि छोट्या होडीतनं अगत्तीला नेतात. समुद्र खवळला असेल तर नेत नाहीत. आमच्या वेळी समुद्र शांत होता. होडीत उतरताना दोन पोरांनी माझे दोन्ही हात धरले, एकानं "आबा, सावकाश" म्हटलं. मला एकदम रत्नागिरीचा खलाशी आठवला, तो "चल ये थेरड्या" म्हणायचा. तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो! सिंगापूरची बोट कशी ते मला ठाऊक नाही. आंब्याच्या पेट्या नेऊ देत असतील तर कळवा.

धागाकर्ती, राजारामपुरी
आबा, आंब्याच्या पेट्या कुठंच नेऊ देत नाहीत, ताजी फळं उतरवताना तर जास्तच कटकट. आणि शिवाजी पेठेतल्या भावा, तुझी आंबोलीची युक्ती यजमानांना वाचून दाखवली, ते अजून हसतायत.

भिशीचा निकाल कळवते. सगळ्यांनी मिळून जायचं असेल तर मुंबईची, कारण चौदा बायकांना चार दिवस एकमेकींशिवाय कुणी बोलायला नसणं परवडणार नाही. नणंद आणि तिची दोन कॉलेजची पोरं दिवाळीनंतर सिंगापूरला जातील. त्यांना नॉर्थ स्टार आणि टकरीच्या गाड्या हव्यात, वऱ्हाड नको. आबांचं वाचून सासूबाई म्हणाल्या, मला त्या अगत्तीच्या होडीत बसायचंय. मधली खोली, खालचा मजला, उद्यमनगरच्या सल्ल्यानं आजच सांगून ठेवली.

काल त्यांच्याबरोबर जोतिबा रोडला गेले होते. सेलवर चालणारं नीरांजन घेतलं. दुकानदारानं बटण दाबून दाखवलं, ज्योत हलल्यासारखी दिसते. सासूबाईंनी ते फिरवून फिरवून बघितलं, खालचं झाकण उघडून सेल काढला, परत घातला, आणि विचारलं, "हे तपासणीत अडवणार नाहीत ना? आधीच विचारून घे."