मदत हवी आहे : दलित पँथरमधल्या वादाची कागदपत्रं

१९७२ साली 'साधना' साप्ताहिकातल्या राजा ढालेंच्या लेखावरून वादळ उठलं, तेव्हा दलित पँथर या त्यांच्याच संघटनेचे कार्यकर्ते ढालेंच्या बोलण्याच्या हक्कासाठी उभे राहिले. मग १९७३च्या जाहीरनाम्यात भूमिहीन, कामगार, स्त्रिया या सगळ्यांना 'दलित' म्हटल्यावर पँथरचेच नेते, कवी नामदेव ढसाळांवर कम्युनिस्ट असल्याचा शिक्का का बसला? वर्षभरात संघटना फुटली. बुद्ध-आंबेडकरांचा मार्ग की मार्क्सचा, हा बुद्ध-मार्क्स वाद खराच होता, मला तो महत्त्वाचाही वाटतो. पण मतभेद म्हणजे गद्दारी, हे मनाला फार अस्वस्थ करतं.

आमच्या अभ्यासगटातही आता मुलं शब्द चुकेल या भीतीने गप्प बसतात. त्यांच्यासमोर हा इतिहास मांडायचाय. त्या काळातली ढाले आणि ढसाळ या दोन्ही बाजूंची पत्रकं, निवेदनं कुठे वाचायला मिळतील? कुणाच्या घरी जपलेली आहेत का? फोटो काढून पाठवलेत तरी चालेल.