ब-३०१ च्या आजींचं बिल आणि नवीन मीटर (आपल्या सोसायटी ग्रुपवरून)

सचिव (अ-२०४), सकाळी ८:१०
नमस्कार मंडळी. ब विंगमधल्या उरलेल्या सहा मीटरचं काम काल झालं. आता आपल्या इमारतीत सगळीकडे नवीन टीओडी मीटर (वेळेनुसार वापर मोजणारे) आहेत. कुणाची तक्रार असेल तर इथे टाका, एकत्र अर्ज देऊ.

ब-३०१ आजी, ८:२४
माझं मीटर मार्चमध्ये बदललं. आधी सहाशेच्या घरात बिल यायचं, आता दोन महिने सतराशेवर येऊन राहिलं आहे. एकटीच आहे मी. फ्रिज, पंखा, टीव्ही आणि दुपारी तासभर कूलर, बस. पेन्शनमधून औषधं आधी की बिल आधी, तुम्हीच सांगा.

अ-३०३, ८:२७
मी तेव्हाच म्हटलं होतं लावू देऊ नका! मीटर पळून राहिले आहेत. वीज कंपनीचा लॉस आपल्याकडून वसूल करायचा धंदा आहे हा. सगळ्यांनी मिळून काढून न्यायला लावू.

ब-२०३ काकू, ८:३१
प्रीपेड आहे का हे? रात्री पैसे संपले की लाइट जाणार का? ४५ डिग्रीत लहान लेकरू घेऊन बसायचं कसं?

ब-१०२ काका, ८:५०
काकू, आधी तुमचं. २०२४ च्या जूनमध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री फडणवीस यांनी सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असं जाहीर केलं होतं. आपल्याकडे बिल महिन्यानंतरच येतं, पूर्वीसारखंच. आणि बिल थकलं तरी १५ दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय लाइन कापता येत नाही. वीज कायदा २००३, कलम ५६. मीटर बदललं म्हणून हे कलम बदललेलं नाही.

ब-१०२ काका, ८:५८
आजी, मार्चच्या आधीच्या तीन बिलांचे आणि नंतरच्या दोन बिलांचे फोटो टाका. रुपये बाजूला ठेवा, मला युनिट पाहायचे आहेत.

अ-३०३, ९:०२
काका तुम्ही वीज खात्यात होतात म्हणून त्यांची बाजू घेता. माझं बिलही दीडपट आलं, ते काऊन?

ब-१०२ काका, ९:२५
भाऊ, मी ३१ वर्षं मीटर टेस्टिंगमध्ये काढली. बाजू कुणाची घेत नाही, पण लॉस म्हणजे काय ते नीट सांगतो, कारण तुमचा राग त्याच शब्दावर आहे.

समजा आपल्या फीडरवर, म्हणजे सबस्टेशनहून येणाऱ्या लाइनवर, १०० युनिट पोचले. बिलं झाली ८५ युनिटांची. त्या बिलांचे पैसे आले ९५ टक्के. म्हणजे हाती आले ८०.७५ युनिटांचे. गेलेले १९.२५, यालाच एटी अँड सी (तांत्रिक आणि व्यावसायिक) लॉस म्हणतात. त्यातला काही तारा तापण्यात जातो. लांब लाइन, ओव्हरलोड डीपी (गल्लीतला ट्रान्सफॉर्मर). मीटर बदलून हा भाग कमी होत नाही, त्यासाठी तारा आणि ट्रान्सफॉर्मरवरच खर्च करावा लागतो. उरलेला म्हणजे तारांवर आकडे टाकून केलेली चोरी, छेडलेली मीटरं, बंद पडलेली मीटरं, अंदाजाने काढलेली बिलं आणि थकबाकी. वीज नियामक आयोगाने मान्य केलेला लॉस वीजदरात धरलेला असतो. म्हणजे जो बिल भरतो तो न भरणाऱ्याचंही काही ना काही भरतोच, आजही, कालही. तुम्ही म्हणता ती वसुली मीटर यायच्या आधीपासून चालू आहे.

अ-४०१, ९:३१
काका, मग नवीन मीटरने नेमकं काय बदलतं? जुनंही इलेक्ट्रॉनिकच होतं की.

ब-१०२ काका, ९:४८
मोजणं थोडंच बदलतं ताई, बदलतं ते कळणं. जुन्या मीटरचा आकडा महिन्यातून एकदा माणूस येऊन घ्यायचा, कुलूप असलं की सरासरी. हे मीटर दर अर्ध्या तासाची किंवा पाव तासाची नोंद ठेवतं आणि स्वतःच पाठवतं. झाकण उघडलं, चुंबक लावलं, न्यूट्रल काढून अर्थिंगवर लोड चालवला, तर वेळेसकट नोंद जाते. फेज आणि न्यूट्रल दोन्हींचा करंट ते पाहतं, त्यामुळे फरक लगेच दिसतो.

पण खरी गोष्ट डीपीवर आहे. ट्रान्सफॉर्मरलाही मीटर बसवायचं आणि त्याखालच्या सगळ्या घरांच्या युनिटांची बेरीज त्याच्याशी ताडायची. डीपीतून १००० युनिट गेले आणि घरांची बेरीज ८२० आली, तर १८० त्याच गल्लीत शोधायचे. आमच्या वेळी हे कागदावर महिना-महिना चालायचं आणि तोवर आकडा टाकणारा तार काढून मोकळा व्हायचा. केंद्राने २०२१ मध्ये वीज वितरण सुधारायची आरडीएसएस योजना आणली, देशाचा लॉस २०२४-२५ पर्यंत १२ ते १५ टक्क्यांवर आणायचं लक्ष्य ठेवून. तिचा पाया हाच हिशेब आहे. नुसती घरची मीटरं बदलली आणि डीपीचा हिशेब कुणी पाहिलाच नाही, तर लॉस तिथेच राहील. हे मी तेव्हाही साहेबांना सांगायचो.

अ-३०३, ९:५५
आणि मीटरचा खर्च?

ब-१०२ काका, १०:०४
तुमचा हा मुद्दा खरा आहे. घरी मीटरचे पैसे घेत नाहीत. योजनेत प्रीपेड मीटरमागे ९०० रुपयांपर्यंत अनुदान धरलं आहे. बाकी रक्कम ठेकेदाराला दरमहा दिली जाते. ती लॉस कमी होऊन निघाली तर ठीक, नाही निघाली तर दरात येणार. म्हणून लॉस किती उतरला हे दरवर्षी आयोगापुढच्या सुनावणीत ग्राहकांनी विचारलंच पाहिजे. आपल्या नागपूरने एक प्रयोग पाहिलेला आहे. २०११ ते २०१९ सिव्हिल लाइन्स, महाल, गांधीबागचं वितरण फ्रँचायझीकडे, म्हणजे खाजगी कंपनीकडे होतं, तेही लॉस कमी करायच्या नावाखाली.

ब-३०१ आजी, १०:४०
नातवाने फोटो टाकले बघा.

ब-१०२ काका, ११:०५
आजी, मार्चआधीची सगळी बिलं ७८ युनिटांची आहेत. तिन्ही सारखीच. शेरा आहे ‘फॉल्टी’. तुमचं जुनं मीटर बंद होतं, सरासरी लावत होते. नातवाला म्हणा कपाटातली जुनी बिलं काढ.

ब-३०१ आजी, ११:२२
दोन वर्षांची तशीच आहेत. ७८, ७८.

ब-१०२ काका, ११:३०
आणि नवीन मीटरवर १७१ आणि १६८. फरक साधारण ९०. शंभरच्या पुढचा युनिट जवळजवळ दुप्पट दराने लागतो, म्हणून रुपयांत तो जास्त दिसतो. पण आजींच्या घरात हे ९० युनिट खाणारं काय आहे? ताई, घरी असाल तर जरा पाहता का? आजींच्या घरातला मेन बंद करायचा आणि खाली मीटरवरचा लाल दिवा मिनिटाला किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं. मीटरवर इम्पल्स लिहिलेले असतात, म्हणजे एका युनिटला दिवा किती वेळा लुकलुकतो, तो आकडाही टिपा.

अ-३०३, ११:३४
माझ्या मीटरचंही पाहा.

ब-१०२ काका, ११:४१
तुमचं असं करा. घरातलं सगळं बंद, फक्त १००० वॅटचा पाण्याचा रॉड बादलीत, सहा मिनिटं. ०.१ युनिट व्हायला हवं. मीटरवर ३२०० लिहिलं असेल तर दिवा साधारण ३२० वेळा लुकलुकेल, व्होल्टेज कमी असेल तर थोडा कमी. चारशेवर गेला तर मी स्वतः तुमच्यासोबत अर्ज घेऊन येतो.

अ-४०१, दुपारी १:३५
आजींचा मेन बंद केला. फ्रिजसुद्धा बंद. तरी खाली दिवा मिनिटाला १०-११ वेळा लुकलुकतो. मीटरवर ३२०० आहे.

ब-१०२ काका, १:३९
साडेदहा गुणिले साठ, भागिले ३२००. तासाला ०.२ युनिट. म्हणजे २०० वॅटचं काहीतरी आजींच्या मीटरवर चालू आहे आणि ते आजींच्या घरात नाही. मीटरच्या पुढच्या कटआउटमधून (फ्यूजमधून) निघालेली प्रत्येक तार बघा. हात लावू नका, फक्त बघा.

अ-४०१, १:५८
एक काळी तार भिंतीवरून गेटकडे गेली आहे. चौकीदाराच्या खोलीत. तिथे कूलर, ट्यूबलाइट, मोबाईल चार्जर. कूलर बंद करायला सांगितला तर दिवा जवळजवळ थांबला.

सचिव (अ-२०४), २:०५
दोन वर्षांपूर्वी ती खोली बांधली तेव्हा वायरमनने जवळच्या मीटरवरून घेतली असणार. कॉमन मीटरवर घे असं मी सांगितलं होतं. काम झाल्यावर पाहिलं नाही, चूक माझी आहे. आजी, माफ करा.

ब-१०२ काका, २:२०
दिवसाला पंधरा तास चालला तर ३ युनिट, महिन्याला ९०. हिशेब जुळला.

भाऊ, आता पाहा. दोन वर्षं आजींचं मीटर बंद होतं. बिल ७८ युनिटांचं यायचं आणि चौकीदाराच्या खोलीचे युनिट कुणाच्याच बिलात नव्हते. डीपीतून गेले, वापरले गेले, कुणी भरले नाहीत. आपण लॉस म्हटलं की गल्लीपलीकडच्या वस्तीकडे बोट दाखवतो. इथे तो आपल्याच जिन्याखाली होता, चोरी करायचा कुणाचाही विचार नसताना. नवीन मीटर आलं आणि तो पहिल्यांदा मोजला गेला, फक्त चुकीच्या माणसाच्या नावावर पडला. बंद मीटर दोन वर्षं न बदलणं ही मात्र त्यांची चूक, तिची जबाबदारी आजींवर येत नाही.

अ-३०३, २:३१
रॉड लावून मोजलं. ३१२ आलं.

अ-३०३, २:३३
म्हणजे मीटर बरोबर. तरी माझा वापर दीडपट कसा, ते मी शोधतो.

ब-१०२ काका, २:४०
मेन बंद करून तुम्हीही पाहा. आणि समाधान झालं नाही तर चेक मीटर मागा. २०२४ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे रीडिंगची तक्रार केल्यावर पाच दिवसांत दुसरं मीटर जोडीला लावून किमान तीन महिने ताडून पाहावं लागतं. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. ज्यांची मीटरं काल बदलली त्यांनी जुन्या मीटरच्या शेवटच्या आकड्याचा फोटो सांभाळून ठेवा. नसेल तर बदलीच्या कागदाची प्रत आजच मागा.

ब-२०३ काकू, २:५२
आणि ते दिवसाचं स्वस्त आहे म्हणतात ते?

ब-१०२ काका, ३:०१
होय. १ जुलै २०२५ पासून घरगुतीला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर युनिटमागे ८० पैसे सवलत सुरू झाली. वॉशिंग मशीन, इस्त्री त्या वेळेत लावा. सचिव, टाकीचा पंपही रात्रीऐवजी दुपारी चालवता येईल, कॉमन बिलावर काय फरक पडतो ते पाहू.

सचिव (अ-२०४), ६:४५
वायरमन येऊन गेला. चौकीदाराची खोली कॉमन मीटरवर घेतली. ताईंनी परत मोजलं, आजींचा मेन बंद केल्यावर दिवा पूर्ण थांबतो. दोन महिन्यांचे जास्तीचे पैसे आजींच्या मेंटेनन्समधून वळते करू, कुणाची हरकत असेल तर उद्यापर्यंत सांगा.

ब-३०१ आजी, ७:१०
हरकत कसली. चौकीदाराचा कूलर मात्र चालू ठेवा रे, पत्र्याची खोली आहे ती. आणि ताई, मोबाईलवर रोजचे युनिट दिसतात म्हणे, ते उद्या येऊन मला दाखवशील का?

अ-४०१, ७:१४
सकाळी नऊला येते आजी. बिलावरचा ग्राहक क्रमांक काढून ठेवा.