खुब्याच्या रिसरफेसिंगचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत का नाहीत?

नीलाक्षी यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्या थोरल्या भावाच्या उजव्या खुब्याचा सांधा झिजला आहे. त्याचे वय 48 आहे. शल्यचिकित्सकांनी त्याच्यापुढे दोन पर्याय ठेवले आहेत: संपूर्ण सांधा बदलणे किंवा रिसरफेसिंग, म्हणजे हाडाचे डोके राखून त्यावर धातूची टोपी चढवणे. निर्णयापूर्वी मूळ संशोधन वाचावे म्हणून मी दोन निबंध वाचले आणि गोंधळ उलट वाढला. रिसरफेसिंगच्या बर्मिंगहॅम पद्धतीचे जनक डेरेक मॅकमिन यांच्या गटाने 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या 1000 सांध्यांच्या मालिकेत 15 वर्षांनंतर सुमारे 96 टक्के सांधे पुन्हा शस्त्रक्रिया न करता टिकल्याचे म्हटले आहे. 2012 च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातील निबंध मात्र इंग्लंड आणि वेल्सच्या राष्ट्रीय सांधेनोंदणीच्या आधारे सांगतो की स्त्रियांमध्ये ही शस्त्रक्रिया करू नये आणि बहुतेक पुरुषांनाही तिचा वेगळा लाभ दिसत नाही. दोन्ही निबंध गंभीरपणे केलेले वाटतात. मग विश्वास कशावर ठेवायचा? शिवाय टेनिसपटू अँडी मरे यांनी जानेवारी 2019 मध्ये हीच शस्त्रक्रिया करून घेतली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अँटवर्पची स्पर्धा जिंकली, याचा भावाच्या मनावर मोठा प्रभाव आहे. त्याला पुरावा म्हणून किती वजन द्यावे?

अस्थिविचार यांचे उत्तर

नीलाक्षीताई, आपण दोन्ही निबंध समोरासमोर ठेवून वाचले, हे फार चांगले केले. त्यांतील विरोध बऱ्याच अंशी उकलता येतो, मात्र त्यासाठी ‘रिसरफेसिंग’ या एका नावाखाली किती वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या गेल्या आहेत, हे आधी पाहावे लागते.

संपूर्ण सांधेबदलात मांडीच्या हाडाचे डोके मानेसह कापून काढतात आणि हाडाच्या पोकळीत दांडा बसवतात. रिसरफेसिंगमध्ये ते डोके राखून, तासून त्यावर धातूची टोपी चढवली जाते आणि खोबणीत धातूची पातळ वाटी बसते. म्हणजे कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूचा पृष्ठभाग त्याच मिश्रधातूच्या पृष्ठभागावर घासतो. दोहोंमध्ये वंगणाचा थर टिकला तर झीज अत्यल्प होते; टोपीचा भार वाटीच्या कडेवर आला तर तो थर मोडतो, धातूचे अतिसूक्ष्म कण सुटतात आणि काही रुग्णांत सांध्याभोवतीच्या मऊ ऊती त्यांना तीव्र प्रतिक्रिया देतात. ऑक्सफर्डच्या गटाने 2008 मध्ये अशा प्रतिक्रियेतून गाठी, म्हणजे स्यूडोट्यूमर, झालेल्या 20 सांध्यांचे वर्णन केले. ते 17 रुग्णांचे होते आणि सर्व रुग्ण स्त्रिया होत्या.

वाटी तिरकी बसली की कडेवर भार येण्याचा धोका वाढतो. सांधा लहान असला की वाटीचे आच्छादन, म्हणजे वाटीने झाकलेला टोपीचा भाग, कमी पडते आणि तिरकेपणाला माफी उरत नाही. स्त्रियांचे सांधे सरासरीने लहान असल्यामुळे लिंगाचा आणि मापाचा परिणाम एकमेकांत मिसळलेला दिसतो. ‘लॅन्सेट’मधील आकडे मी यासाठीच महत्त्वाचे मानतो. 55 वर्षांच्या स्त्रीमध्ये 42 मिलिमीटर व्यासाच्या टोपीच्या रिसरफेसिंगला पाच वर्षांत पुनर्शस्त्रक्रिया लागण्याचे अनुमानित प्रमाण 8.3 टक्के होते, तर सिमेंटने बसवलेल्या, धातूचे डोके आणि प्लास्टिकची वाटी असलेल्या 28 मिलिमीटरच्या संपूर्ण सांध्याला 1.5 टक्के. त्याच वयाच्या पुरुषात 46 मिलिमीटरला 4.1, 54 मिलिमीटरला 2.6 आणि संपूर्ण सांध्याला 1.9 टक्के. मोठ्या मापाच्या पुरुषांत अंतर बरेच घटते, पण 54 किंवा त्याहून मोठे माप त्या नोंदणीतील फक्त 23 टक्के पुरुषांत होते.

दुसरा मुद्दा उपकरणाचा आहे. डीप्यू कंपनीचे एएसआर हे उपकरण ऑगस्ट 2010 मध्ये जगभरातून परत मागवले गेले, कारण नोंदणीत त्याच्या रिसरफेसिंग प्रकाराला पाच वर्षांत सुमारे 12 टक्के पुनर्शस्त्रक्रिया दिसल्या. त्याच्या वाटीचे आच्छादन इतरांहून कमी होते. बर्मिंगहॅम उपकरणाचे निकाल तुलनेने पुष्कळ चांगले होते, तरी 2015 मध्ये त्याच्या उत्पादकाने 46 मिलिमीटर आणि त्याखालील टोप्या मागे घेतल्या आणि स्त्रियांसाठी ते वापरू नये असे जाहीर केले. म्हणून ‘रिसरफेसिंग चांगले की वाईट’ हा प्रश्न उत्तर देण्याजोगा नाही. भावासाठी कोणते उपकरण आणि अंदाजे कोणते माप, हे विचारल्यास चर्चा पुढे सरकेल.

सांख्यिकी_अभ्यासक यांचे उत्तर

वरील विवेचनाशी सहमत आहे. मी संशोधनाच्या रचनेविषयी लिहितो, कारण मूळ प्रश्न तिथे अडकलेला आहे.

2014 ची मालिका एका शल्यचिकित्सकाची आहे, आणि तो पद्धतीचा जनकही आहे. कोणाला रिसरफेसिंग द्यायचे हे तो निवडतो आणि वाटी कशी बसवायची यात त्याचा हात वर्षानुवर्षे तयार झालेला असतो. नोंदणीत मात्र अधूनमधून ही शस्त्रक्रिया करणारेही मोजले जातात. पहिली मालिका शस्त्रक्रिया कुठवर पोहोचू शकते ते दाखवते, तर दुसरी सर्वसाधारणपणे काय घडते ते दाखवते. त्या मालिकेतही पुरुषांचे निकाल स्त्रियांपेक्षा स्पष्टपणे सरस होते, म्हणजे दिशेबाबत दोन्ही निबंध एकमताचे आहेत.

यादृच्छिक चाचण्यांकडे, म्हणजे कोणाला कोणती शस्त्रक्रिया हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवणाऱ्या चाचण्यांकडे, पाहिले तर वॉरिकच्या गटाने 2012 मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात 126 रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली. एक वर्षानंतर सांध्याच्या कार्यात दोन्ही गटांत निर्णायक फरक आढळला नाही. रिसरफेसिंगने जास्त धावता-खेळता येते असा जो सार्वत्रिक समज आहे, त्याला या चाचणीतून आधार मिळत नाही. मात्र एक वर्ष हा अल्प काळ आहे, आणि खेळाडूंसारख्या टोकाच्या हालचालींसाठी ती चाचणी रचलेली नव्हती.

काही निरीक्षणात्मक अभ्यासांत रिसरफेसिंग झालेल्यांचा मृत्युदर कमी दिसतो. तो वाचताना विशेष सावध राहावे, असे मी आग्रहाने सांगेन. ज्यांना ही शस्त्रक्रिया दिली जाते ते मुळातच अधिक निरोगी आणि सक्रिय असतात, आणि नोंदीत नसलेल्या अशा गोष्टींची दुरुस्ती गणिताने पूर्णपणे होत नाही. मरे यांचे उदाहरणही याच जातीचे आहे. उच्च दर्जाचा खेळ शक्य आहे एवढे ते सिद्ध करते, किती जणांना तो शक्य होतो हे नाही. ज्यांना परतता आले नाही त्यांच्याविषयी बातम्या येत नाहीत.

नीलाक्षी

दोघांचेही मनापासून आभार. भावाचे अंदाजे माप 52 मिलिमीटर असल्याचे क्ष-किरण चित्रावरून सांगितले आहे. त्याच्यासाठी आणखी कोणते धोके विचारात घ्यावेत, आणि शस्त्रक्रियेनंतर तपासण्या किती काळ कराव्या लागतात?

अस्थिविचार

52 हे माप अनुकूल बाजूला आहे, तरी अंतिम माप शस्त्रक्रियेच्या टेबलावरच ठरते. ते लहान निघाले तर काय करायचे, हे आधी ठरवून घ्यावे. हाडाची मान राखल्यामुळे ती मोडण्याचा एक वेगळा धोका या शस्त्रक्रियेत असतो. ऑस्ट्रेलियातील 3497 बर्मिंगहॅम रिसरफेसिंगच्या अभ्यासात तो 1.46 टक्के होता, आणि पुरुषांत स्त्रियांपेक्षा निम्म्याच्या आसपास. हाड ठिसूळ असेल किंवा हाडाच्या डोक्यात मोठ्या पोकळ्या असतील, तर शल्यचिकित्सक स्वतःच नकार देतील. मूत्रपिंडाचा विकार असल्यास तेही सांगावे, कारण हे धातू शरीराबाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडाचे आहे.

वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या ब्रिटिश नियामक संस्थेने रक्तातील कोबाल्ट किंवा क्रोमियमसाठी 7 पीपीबी, म्हणजे लिटरमागे सुमारे 7 मायक्रोग्रॅम, ही दखल घेण्याची पातळी ठरवली. ती ओलांडली म्हणजे सांधा बिघडलाच असे नाही, पण पुन्हा रक्तचाचणी आणि धातूमुळे येणारे दोष कमी करणारे एमआरआय यांचा विचार होतो. तिच्या 2017 च्या सूचनांत स्त्रिया आणि 48 मिलिमीटरपर्यंतची टोपी असलेले पुरुष यांच्यावर अधिक कडक लक्ष ठेवण्यास सांगितले आहे. भाऊ त्या गटात येणार नाही, तरी नियमित पाहणी त्यालाही टळत नाही. काही त्रास नाही म्हणून ती सोडून देणाऱ्यांची मला खरी काळजी वाटते, कारण ऊतींची हानी वेदनेशिवायही होऊ शकते आणि उशिरा केलेल्या पुनर्शस्त्रक्रियेचा निकाल खालावतो.

सिरॅमिकच्या टोपी-वाटीचे प्रयोगही चालू आहेत. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधील गटाचे काम त्यांपैकी एक आहे. धातूचे कण टाळण्याची कल्पना मला पटते, परंतु तिचे 15 वर्षांचे निकाल अजून अस्तित्वात नाहीत. हा पर्याय कोणी सुचवला, तर तो चाचणीचा भाग आहे का आणि रुग्णांचा पाठपुरावा कोण करणार आहे, हे लेखी मागावे.