मदत हवी आहे: पावसात ब्रेकचा दिवा लागतो, कार्यशाळा ४८ हजारांचा खर्च सांगते

केरी-घाट
नमस्कार. चवथ तीन आठवड्यांवर आली आहे आणि त्याआधी घरच्यांना घेऊन मला बेळगावला जाऊन यायचे आहे, म्हणून कृपया लवकर उत्तर द्यावे. पाऊस सुरू झाल्यापासून गाडीत ब्रेकचा दिवा मधूनमधून लागतो आणि इंजिन बंद करून पुन्हा सुरू केले की विझतो. गाडी दोनदा कार्यशाळेत नेली. पहिल्या खेपेला त्यांनी स्कॅनर लावून पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर बदलला व ५,२०० रुपये घेतले, पण आठ दिवसांत दिवा पुन्हा लागला. दुसऱ्या खेपेला एबीएसचे संपूर्ण युनिट बदलावे लागेल असे सांगून ४८ हजारांचा अंदाज हातात ठेवला. गेल्या रविवारी चोर्ला घाट उतरताना दिवा लागला तेव्हा शेजारी आई बसली होती आणि मी तो घाट कसा उतरलो ते माझे मला ठाऊक. युनिट बदलणे खरोखर आवश्यक आहे का, एवढेच मला हवे आहे.

आबोली_फोंडा
आपण ‘ब्रेकचा दिवा’ लिहिले आहे, पण असे दिवे दोन असतात. एबीएस अशी अक्षरे असलेला पिवळा दिवा एकटा लागला, तर साधे ब्रेक चालू असतात, फक्त जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देण्याची सोय बंद पडलेली असते. वर्तुळात उद्गारचिन्ह असलेला लाल दिवा हँडब्रेक ओढलेला असला किंवा ब्रेक ऑइलची पातळी उतरली तरी लागतो. मात्र पिवळा आणि लाल असे दोन्ही एकदम लागले, तर पुढच्या व मागच्या चाकांमध्ये ब्रेकचा जोर वाटून देणारी ईबीडी यंत्रणाही बंद पडली असण्याची शक्यता मोठी असते, आणि अशा वेळी ओल्या उतारावर मागची चाके आधी जाम होऊन गाडी फिरू शकते. आपल्याकडे यांतले नेमके काय होते? गाडी किती वर्षांची आहे? दिवसा लागतो की रात्री? यांतले काहीच धाग्यात नाही.

दिवाडीचा उतारू
युनिट मुळीच बदलू नका, बेअरिंग बदला. माझी गाडी रोज फेरीबोटीने जाते आणि भरतीच्या वेळी धक्क्यावर चाके खाऱ्या पाण्यातूनच चढतात. आजकालच्या बऱ्याच गाड्यांत सेन्सर ज्या चुंबकीय कड्यावरून चाकाचा वेग वाचतो, ते कडे बेअरिंगलाच जोडलेले असते. त्यावर गंज चढला की सेन्सर कितीही नवा बसवा, त्याला वेग तुटक मिळतो. माझ्याकडेही आधी सेन्सरच बदलला होता. शेवटी चाकाचे बेअरिंग बदलल्यावर दिवा गेला तो गेलाच. आपल्याकडेही तेच आहे, वेळ दवडू नका.

केरी-घाट
दोन्ही दिवे एकदम लागतात. गाडी पेट्रोलवर चालणारी, नऊ वर्षांची आहे. कार्यशाळेशी वाद अजून मिटलेला नसल्यामुळे गाडीचे नाव मुद्दाम लिहीत नाही. होय, दिवे बहुतेक वेळा रात्रीच लागतात, पण रात्रीचा ब्रेकशी काय संबंध हे मला समजले नाही. बेअरिंग बदलायचे की युनिट, कृपया एकच काय ते सांगा.

मोकळी वाट
एबीएसचा फ्यूज काढून ठेवा आणि निवांत बेळगावला जाऊन या. आमच्या वडिलांनी पंचवीस वर्षे एबीएस नसलेली गाडी अनमोड घाटातून चालवली आणि त्यांना कधी काही झाले नाही. मी स्वतः दोन महिन्यांपासून फ्यूज काढूनच गाडी चालवतो.

आबोली_फोंडा
कृपया असे सल्ले देऊ नका. आपल्या वडिलांच्या काळातील बऱ्याच गाड्यांत मागच्या चाकांकडे जाणारा दाब कमी करणारा एक यांत्रिक व्हॉल्व्ह असे. ईबीडी असलेल्या अनेक गाड्यांत तो व्हॉल्व्ह नसतोच, कारण ते काम एबीएसचे युनिट करते. त्यामुळे फ्यूज काढल्याने गाडी जुन्या गाडीसारखी होत नाही, तिच्यात जुनी सोयही उरत नाही आणि नवीही.

जुना मीटर
मी हयातभर गाड्यांचे वायरिंग केले आहे. ‘रात्रीचा संबंध काय’ असे धागाकर्त्याने विचारले, पण याच प्रश्नात उत्तर आहे असे मला वाटते. पावसाळ्याच्या रात्री हेडलाइट, वायपर, काचेवरची वाफ घालवण्यासाठी पंखा आणि एसी हे सगळे एकदम चालू असते. त्यात स्टीअरिंग विजेवर चालणारे असेल तर वळणावर तीही मोटर वीज ओढते. व्होल्टेज ठरावीक मर्यादेखाली गेले की एबीएसचे युनिट स्वतःहून बाजूला होते आणि दिवे लावते. इंजिन पुन्हा सुरू केल्यावर युनिट नव्याने तपासणी करते, तेव्हा व्होल्टेज बरे असले की दिवे विझतात. आता मला चार गोष्टी सांगा. दिवे लागतात तेव्हा स्टीअरिंग जड होते का? उभ्या गाडीत हेडलाइट मंदावतात का? बॅटरी कधी बदलली? आणि गाडीत बाहेरून काय काय बसवून घेतले आहे?

कायद्याचा कीस
आपण विनाकारण स्वतःच्या खिशातून खर्च करत आहात. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०अ आले असून, सुरक्षेशी संबंधित दोष असलेली वाहने परत बोलावण्याची सक्ती त्यानुसार उत्पादकावर करता येते. १ एप्रिल २०२१ पासून ही व्यवस्था लागू आहे. वाहनधारकाला शासनाच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. शिवाय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहेच.

आबोली_फोंडा
ती व्यवस्था सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांसाठी आहे. गाडी नऊ वर्षांची आहे असे वर लिहिलेले आहे.

कायद्याचा कीस
ते वाचायचे राहिले. तरीही १९१५ चा उपयोग आहे. न बिघडलेला सेन्सर बदलून पैसे घेतले असतील, तर ती सदोष सेवा ठरते आणि तिला गाडीच्या वयाची अट नाही.

दिवाडीचा उतारू
मीटरबाबांचा अनुभव मोठा आहे हे मान्य, पण रात्र हा योगायोगही असू शकतो. पावसाळ्यात गंज दिवसाही चढतो आणि रात्रीही.

जुना मीटर
कड्यावर गंज असता तर गाडी थांबण्याच्या बेताला, अगदी कमी वेगात, ब्रेकचे पेडल पायाखाली थरथरले असते, कारण सेन्सरचा संदेश तुटला की चाक जाम झाले असे युनिटला वाटते. शिवाय त्या दोषात बहुधा पिवळा दिवा एकटा लागतो. पेडल थरथरते का, हे त्यांनाच सांगू द्या.

केरी-घाट
पेडल थरथरत नाही. स्टीअरिंग दोनदा जड झाले होते, पण टायरमध्ये हवा कमी असेल असे समजून मी हवा भरून घेतली. हेडलाइट म्हापशाच्या सिग्नलला उभे राहिल्यावर थोडे मंदावतात. बॅटरी मे महिन्यात वाटेत बंद पडल्यामुळे रस्त्याकडेच्या दुकानातून घाईने बदलली. बाहेरून विशेष काही बसवलेले नाही, फक्त घाटासाठी १००/९० वॉटचे बल्ब आणि त्यांचे वायरिंग आहे. ते तर सगळेच बसवतात, म्हणून लिहिले नव्हते.

जुना मीटर
‘विशेष काही नाही’ म्हणून आपण जे वगळले, तेच मी शोधत होतो. एच ४ प्रकारचा मूळ बल्ब ६०/५५ वॉटचा असतो. खालच्या झोतावर दोन बल्ब मिळून ११० वॉटच्या जागी आपण १८० वॉट ओढता, म्हणजे सुमारे सहा अँपिअर जादा. तेवढे अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनवर वीज तयार करणाऱ्या यंत्राला, झेपते, पण त्या वायरिंगची अर्थ, म्हणजे बॉडीला जोडलेली ऋण तार, कुठल्या बोल्टला दिली आहे हे पाहावे लागेल. युनिटला पैसे देण्याआधी साध्या मल्टीमीटरने पुढील मोजमाप करा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत इंजिन बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवे आणि इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४. त्यानंतर इंजिन चालू ठेवून, दिवे, पंखा, वायपर लावून, मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण खुंटीवर आणि दुसरी बॉडीच्या उघड्या धातूवर धरा. तिथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर अर्थ खराब आहे. हीच चाचणी कोणीतरी स्टीअरिंग फिरवत असताना पुन्हा करा. बॅटरीची खुंटी वा तार ढिली करायची असल्यास इंजिन बंद करूनच करा.

वाळपईकर
कोणी विचारलेले नाही, तरी घाटाचा विषय निघाला म्हणून लिहितो. ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले? ते हवेतला ओलावा शोषते आणि आपल्याकडच्या हवेत ओलावा किती असतो हे कपडे वाळत घालणाऱ्याला विचारावे. डॉट ४ प्रकारच्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनांक किमान २३०° सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शिरल्यानंतरची किमान मर्यादा १५५° आहे. घाटात सतत ब्रेक दाबून उतरल्यास ऑइल उकळून वाफ होते व पेडल स्पंजासारखे मऊ होऊन खाली जाते. दोन वर्षांनी ऑइल बदलावे आणि ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा. आणखी एक. लाल दिवा फक्त वळणावर लुकलुकत असेल तर पातळी पाहा. पॅड झिजले की पातळी उतरते. अशा वेळी नुसते ऑइल ओतून दिवा विझवला, तर झिजलेले पॅड तसेच राहतात.

केरी-घाट
ऑइल बदलल्याचे मला आठवत नाही. पातळी ठीक आहे. उद्या मीटर घेऊन बसतो.

केरी-घाट
आज शेजाऱ्याचा मीटर आणून मोजले. सकाळी इंजिन बंद असताना १२.५ व्होल्ट होते. सगळे दिवे आणि पंखा लावून इंजिन संथ चालत असताना बॅटरीवर १२.९ आणि ऋण खुंटी व बॉडी यांच्यामध्ये १.४. भावाने जागेवर स्टीअरिंग फिरवले तेव्हा तो १.४ चा आकडा २.६ वर उडाला, बॅटरीवरचा १२ वर आला आणि माझ्या डोळ्यांदेखत दोन्ही दिवे लागले. आतापर्यंत घाटातल्या वळणांचा मी कधी विचारच केला नव्हता. बॅटरीखालचा ट्रे काढला तर अर्थच्या बोल्टवर पांढरी-हिरवी बुरशी चढल्यासारखे क्षार होते आणि बल्बवाल्याने आपल्या वायरीचा लग (टोकाचे धातूचे कडे) त्याच बोल्टखाली रंगावरच दाबून बसवला होता. बॅटरीची तार काढून बोल्ट व बॉडी सँडपेपरने चकाकेपर्यंत घासली, बल्बची अर्थ वेगळ्या बोल्टला दिली, आवळून वर ग्रीस लावले. आता तोच आकडा ०.१ येतो आणि स्टीअरिंग फिरवल्यावरही ०.२ च्या वर जात नाही. बल्ब मूळचे ६०/५५ वॉटचे परत लावले आहेत.

दिवाडीचा उतारू
छान झाले. तरी घरच्यांना घेऊन जाण्याआधी एकदा बेअरिंग पाहून घ्या.

आबोली_फोंडा
एबीएसच्या युनिटमधील दोषांच्या जुन्या नोंदी एकदा पुसून घ्या, म्हणजे दिवा पुन्हा लागला तर ती नोंद नवी आहे हे कळेल. त्यासाठी एबीएस वाचणारा स्कॅनर हवा. स्वस्तातले बरेच स्कॅनर फक्त इंजिन वाचतात. ब्रेक ऑइल मात्र घाटाआधीच बदला. काढलेला सेन्सर आपल्याला परत दिला होता का?

केरी-घाट
सेन्सर दिला नाही, मीही मागितला नाही. काल रात्री भर पावसात साखळी ते केरी दोनदा जाऊन आलो. सगळे चालू ठेवले होते, दिवा लागला नाही. आणखी एक गोष्ट सांगायला लाज वाटते. ४८ हजारांच्या अंदाजाला स्कॅनरचा छापील कागद टाचलेला होता, तो मी आज वाचला. पहिल्या ओळीत डाव्या चाकाच्या सेन्सरची जुनी नोंद आहे आणि दुसऱ्या ओळीत ‘युनिटचा वीजपुरवठा कमी’ असे स्पष्ट छापलेले आहे.

कायद्याचा कीस
तो कागद जपून ठेवा.

जुना मीटर
आणि कार्यशाळेतल्या ज्याने तो छापला, त्याने तो वाचला होता का, हे त्यालाच विचारा.

मोकळी वाट
मग मी काढलेला फ्यूज परत लावू का?

आबोली_फोंडा
आजच लावा. आणि दिवा लागला तर नवा धागा काढताना गाडीचे वय, दोन्ही दिव्यांची स्थिती आणि बाहेरून बसवलेल्या सगळ्या वस्तू पहिल्याच ओळीत लिहा.