मधल्या पेट स्कॅनमध्ये ‘डोव्हिल ४’ आले, तर उपचार बदलावेत का?

प्रश्न (निपाणी):
माझ्या वडिलांना फॉलिक्युलर लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा संथ वाढणारा कर्करोग) आहे. बेंडामस्टिन आणि रिटुक्सिमॅब या औषधांच्या सहापैकी तीन सायकली (फेऱ्या) झाल्या असून मानेतल्या गाठी आता हाताला लागत नाहीत. पहिला पेट-सीटी कोल्हापुरात झाला होता. दुसरा, मी बेळगावात नोकरीला असल्यामुळे, तिथे केला, आणि त्याच्या अहवालात पोटातल्या एका गाठीपुढे ‘डोव्हिल ४’ असे लिहिले आहे. ठरलेले उपचार पूर्ण करू, असे डॉक्टर म्हणतात. काका मात्र म्हणतात, औषध लागू पडत नसेल तर आताच मुंबई गाठा. या आकड्यावरून पुढचे कितपत सांगता येते?

उत्तर (बेळगाव, न्यूक्लिअर मेडिसिन):
आधी आकड्याचा अर्थ पाहू. डोव्हिल हा १ ते ५ असा दिला जाणारा गुण आहे. गाठीने शोषलेल्या किरणोत्सारी ग्लुकोजची तुलना रुग्णाच्याच यकृताशी केली जाते. यकृतापेक्षा थोडे अधिक असेल तर ४, बरेच अधिक असेल किंवा नवी गाठ दिसली तर ५. त्यामुळे यंत्र बदलले तरी हा गुण बराचसा टिकतो. अहवालातील एसयूव्हीचे (गाठीने किती ग्लुकोज शोषले त्याच्या मोजमापाचे) आकडे मात्र दोन केंद्रांत जसेच्या तसे ताडून पाहू नयेत.

२०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात, फॉलिक्युलर लिम्फोमासाठी आर-चॉप (रिटुक्सिमॅब आणि केमोची इतर औषधे मिळून) घेणाऱ्या १२१ रुग्णांमध्ये, चार सायकलींनंतरचा स्कॅन स्वच्छ असलेल्यांपैकी ८६ टक्के, तर स्वच्छ नसलेल्यांपैकी ६१ टक्के रुग्णांचा आजार दोन वर्षांत वाढला नव्हता. फरक खरा आहे, पण ‘वाईट’ स्कॅनवालेही निम्म्याहून अधिक ठीक राहिले, हे काकांना अवश्य सांगा. उपचार संपल्यानंतरच्या स्कॅनमध्ये हेच आकडे ८७ आणि ५१ होते, म्हणजे शेवटचा स्कॅन अधिक बोलतो. तुमच्या वडिलांची औषधे वेगळी असल्याने हे आकडे त्यांना थेट लावू नयेत. हॉजकिन लिम्फोमात दोन सायकलींनंतरच्या स्कॅनवरून उपचार बदलतात, पण संथ वाढणाऱ्या या प्रकारात केवळ मधल्या स्कॅनवरून औषध बदलण्याची रीत नाही.

उत्तर (खानापूर):
माझ्या आईच्या वेळी आम्हीही असेच घाबरलो होतो. हॉजकिनबद्दलचे वाचून ते आपल्यालाच लागू आहे असे समजलो, ही आमची चूक. ताप, खोकला किंवा जुना क्षय असल्यास डॉक्टरांना जरूर सांगा. क्षयाच्या गाठीही ग्लुकोज शोषतात. शिवाय स्कॅन सायकलीनंतर कितव्या दिवशी झाला?

प्रश्नकर्ता:
बाराव्या दिवशी. माझ्या सुट्टीच्या सोयीने तो लवकर उरकला होता.

उत्तर (बेळगाव, न्यूक्लिअर मेडिसिन):
मग हा गुण आणखी सावधपणे वाचावा लागेल. मधला स्कॅन शक्यतो पुढच्या सायकलीच्या तोंडावर करतात, कारण केमोनंतरच्या दाहामुळेही शोषण वाढलेले दिसू शकते. उपचार संपल्यावरचा स्कॅन सहा ते आठ आठवड्यांनी ठेवा, आणि जुन्या दोन्ही स्कॅनच्या सीडी सोबत न्या; केवळ कागदी अहवालावरून तुलना करणे आम्हालाही अवघड जाते. वडिलांना मधुमेह असेल तर साखरेच्या गोळ्यांबाबत आधीच विचारून घ्या.