कमी ताकदीच्या कन्सोलला सोबत घ्यायचं की सोडून द्यायचं? एका सिरीज एसवाल्याची बाजू

पाचपाखाडीकर

परवा तलावपाळीला चौघं बसलो होतो आणि विषय निघाला की सिरीज एस या एक्सबॉक्सच्या छोट्या गेमिंग कन्सोलमुळे सगळ्या गेम्सची वाट लागली, तो बंदच करायला हवा. तिघं हेच म्हणत होते आणि त्यातल्या दोघांनी तो कन्सोल कधी हातातही धरलेला नाही. मला तिथे नीट बोलता आलं नाही म्हणून इथे लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. नोव्हेंबर २०२० मध्ये एक्सबॉक्सचे दोन कन्सोल एकदम आले, मोठा सिरीज एक्स आपल्याकडे ४९,९९० ला आणि छोटा सिरीज एस ३४,९९० ला. एक्समध्ये रॅम, म्हणजे गेम चालू असताना लागणारी मेमरी, १६ जीबी, एसमध्ये १० जीबी. ग्राफिक्सची ताकद १२ टेराफ्लॉप विरुद्ध ४, म्हणजे सरळ एक तृतीयांश. प्रोसेसर मात्र जवळपास तोच. आणि एक्सबॉक्स बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टचा नियम असा की एक्सवर गेम आणायचा तर तो एसवरही चालला पाहिजे. सगळं भांडण या नियमावरून आहे.

माझ्या मते नियम बरोबर आहे. मी एस घेतला तेव्हा लॉकडाऊननंतर बाबांचं वागळे इस्टेटमधलं दुकान जेमतेम सुरू झालं होतं आणि वरचे १५ हजार म्हणजे बहिणीच्या क्लासची अर्धी फी होती. असे लोक ठाण्यात काय कमी आहेत? आम्हाला ४के म्हणजे ते अतिबारीक चित्र नकोच आहे हो, आमचा टीव्हीच ३२ इंची आहे. गेम पूर्ण मिळावा आणि मित्रांबरोबर त्याच दिवशी मिळावा एवढंच मागणं आहे.

आणि जमत नाही म्हणतात ते पटत नाही. निन्टेन्डोच्या हातात धरून खेळायच्या स्विचमध्ये रॅम फक्त ४ जीबी, तरी पॅनिक बटन या स्टुडिओने २०१७ मध्ये त्यावर डूम हा गेम चालवून दाखवला, २०१९ मध्ये द विचर ३ आख्खा ३२ जीबीच्या कार्ट्रिजवर आला. त्याच्याही मागे जा, जीटीए ५ हा २०१३ मध्ये प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर आला तेव्हा त्या मशीनमध्ये सगळी मिळून ५१२ एमबी मेमरी होती, जीबी नाही, एमबी! तेवढ्यात त्यांनी आख्खं शहर बसवलं. आता १० जीबी असून पुरत नसेल तर मला हा निव्वळ आळस वाटतो.

ऐरोली नाइट शिफ्ट

आळस हा शब्द मागे घे भावा. मी सहा वर्षं गेम टेस्टिंगमध्ये आहे, बहुतेक काम पोर्टचंच, म्हणजे एका मशीनचा गेम दुसऱ्यावर उतरवायचं, आणि ज्यांना तू आळशी म्हणतोयस ती माणसं रिलीजच्या आधी दोन-दोन महिने रविवारचीपण घरी दिसत नाहीत.

तू टेराफ्लॉप मोजतोयस पण अडचण तिथे नाहीच आहे. ४के म्हणजे साधारण ८३ लाख पिक्सेल, १०८० म्हणजे पावणेएकवीस लाख. चित्र लहान केलं की ग्राफिक्स चिपचं काम चौथ्या हिश्शावर येतं, त्यामुळे ताकद एक तृतीयांश असली तरी निभावतं. रॅमचं तसं नसतं. चित्र लहान केलं म्हणून बाजारातली माणसं कमी होत नाहीत ना, त्यांची हाडं, त्यांच्या हालचाली, कोण कुठे चाललाय, कुठलं दार उघडं आहे, आवाज, हे सगळं तेवढंच लागतं. पंगतीत भात कमी वाढता येतो पण माणूस बसायला जागा तेवढीच लागते, तसं आहे ते. त्यात एसच्या १० पैकी २ जीबी स्लो आहे आणि ती सिस्टिमकडेच जाते, गेमच्या हातात ८ च्या आसपास उरते. एक्सवर गेमला साडेतेरा मिळते. डूम आणि विचरचं उदाहरण देतोयस ते पण नीट बघ, दोन्ही आधी मोठ्या मशीनवर आले आणि मग वेगळ्या टीमने सावकाश बसून उतरवले. एकाच दिवशी आणा असा नियम नव्हता.

एक किस्सा सांगतो, गेमचं नाव सांगता येणार नाही. एका गावात बाजार होता. वेशीतून आत यायचं, विहिरीपर्यंत जायचं, परत वेशीत यायचं, असं चाळीसेक मिनिटं केलं की छोटा कन्सोल बंद पडायचा. मोठ्यावर काहीच नाही. तीन रात्री मी हातात घड्याळ घेऊन त्याच वाटेने फिरत होतो, कधी ३८ मिनिटं कधी ४४, आणि प्रत्येक वेळी लॉग पाठवायचा. शेवटी कळलं की परत येताना आधीच्या लोकांचे कपडे मेमरीतून पूर्ण सुटत नव्हते, दर फेरीला थोडे थोडे साचत होते. मोठ्यावरपण साचत होते पण तिथे जागा जास्त म्हणून कळत नव्हतं. ते दुरुस्त केलं तरी काठावरच चाललं होतं, मग बाजारातली माणसं साठावरून चाळीसवर आणली आणि ती सगळ्याच कन्सोलवर आणली, कारण त्या गर्दीत एका चोराचा पाठलाग होता आणि दोन वेगळ्या गर्दींसाठी तो दोनदा बनवायला वेळ नव्हता. म्हणजे ज्याने जास्त पैसे मोजले त्याच्यापण बाजारातली वीस माणसं गेली. मला त्याचं वाईट वाटलं आणि अजून वाटतं.

मानपाडा पीएस५

+१ नाइट शिफ्ट. मी ४९,९९० देऊन सोनीचा प्लेस्टेशन ५ घेतला आणि पहिली दोन वर्षं काय मिळालं, तर प्लेस्टेशन ४ वरपण चालणारे गेम. होरायझन फॉरबिडन वेस्ट २०२२, गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक २०२२, दोन्ही जुन्या मशीनवरपण. चांगले आहेत नाही म्हणत नाही, पण त्या अरुंद फटीतून सरकत जायचं आणि मागे लोडिंग होणार, हे सगळं जुन्या हार्ड डिस्कसाठी. रॅचेट अँड क्लँक रिफ्ट अपार्ट २०२१ मध्ये फक्त ५ साठी आला आणि तिथे कळलं की एसएसडी, म्हणजे ती नवी वेगवान डिस्क, काय करू शकते, एका जगातून दुसऱ्या जगात उडी, थांबणं नाही. असे गेम जास्त का नाहीत? कारण सगळे खालच्या मशीनला धरून बसलेत.

पूर्वा, नेरूळ

मला दोघांचंही थोडं थोडं पटत नाहीये.

मी स्विचवाली. निन्टेन्डो आपल्याकडे अधिकृत विकतच नाही, माझा दुबईहून मामाने आणलेला. जगात १५ कोटींच्या वर विकला गेलाय तो, त्यामुळे कमी ताकदीला कोणी विचारत नाही हे खरं नाही. आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स या स्टुडिओने राजी हा गेम बनवला तो २०२० च्या ऑगस्टमध्ये सगळ्यात आधी स्विचवरच आला, बाकीच्यांना ऑक्टोबरमध्ये मिळाला. छोट्या टीमने आधी छोट्या मशीनचा विचार केला आणि मग वर गेली. मानपाडावाले दादा, वर जाताना कोणाचं काही बिघडलं नाही.

पण पाचपाखाडीकर, तुमचा 'त्याच दिवशी हवा' हा हट्ट मला चुकीचा वाटतो. हॉगवर्ट्स लेगसी मोठ्या कन्सोलवर फेब्रुवारी २०२३ मध्ये आला, स्विचवर नोव्हेंबरमध्ये. हॉग्समीड गावात मोठ्या कन्सोलवर चालत शिरता येतं, स्विचवर दार लागतं आणि लोडिंग होतं. मला चाललं असतं आणि चाललंच, कारण मधले नऊ महिने त्यासाठीच गेले हे दिसत होतं. उलट फिफा या फुटबॉल गेमच्या लेगसी एडिशन बघा, फिफा २० ते फिफा २३ पर्यंत स्विचवर दरवर्षी नवीन नंबर यायचा, आत टीम आणि जर्सी तेवढ्या बदललेल्या असायच्या. ह्याला मी सपोर्ट म्हणत नाही. तारीख पाळली पण माणसाला काय दिलं?

आणि अक्षरं! ह्यावर कोणी बोलतच नाही. मी सकाळी नेरूळहून ठाण्याला ट्रान्सहार्बरने जाते, एक गेम घेतला होता (नाव राहू दे), संवाद सगळे लिहिलेले आणि अक्षर एवढं बारीक की तुर्भे गेल्यावर खिडकीतून ऊन आलं की स्क्रीन नाकाला लावून वाचायला लागायचं. सेटिंगमध्ये अक्षर मोठं करायची सोयच नाही. त्याला ना रॅम लागते ना टेराफ्लॉप. कोणीतरी एकदा तो छोटा स्क्रीन हातात घेऊन बघायला हवा होता.

पाचपाखाडीकर

नाइट शिफ्ट, आळस शब्द मागे घेतला, मनापासून. ते घड्याळ घेऊन फिरणं वाचून मला कसंतरी झालं. पण तुझ्याच किश्शात एक गोष्ट आहे बघ, कपडे साचत होते ते मोठ्यावरपण साचत होते, छोटा कन्सोल बंद पडला म्हणून सापडलं. मोठ्यावर कोणीतरी सहा तास सलग खेळला असता आणि त्याचा सेव्ह गेला असता.

मानपाडा, रिफ्ट अपार्टचंच सांगतो. तोच गेम २०२३ मध्ये पीसीवर आला तेव्हा किमान गरजांमध्ये साधी हार्ड डिस्क लिहिलेली होती. उडी मारताना थांबायला लागतं, पण गेम तोच. आधी सगळे म्हणत होते हे दुसरीकडे होणंच शक्य नाही.

आता बाल्डर्स गेट ३. ऑगस्ट २०२३ मध्ये पीसीवर, ६ सप्टेंबरला प्लेस्टेशन ५ वर आणि एक्सबॉक्सवर अडकला, कारण दोघांनी एका टीव्हीवर खेळायचं स्प्लिट स्क्रीन एसवर बसेना. एक खेळाडू गावात आणि दुसरा गुहेत, दोन्ही जागा एकदम मेमरीत हव्यात. शेवटी मायक्रोसॉफ्टने नियम वाकवला आणि डिसेंबरमध्ये एसवर स्प्लिट स्क्रीनशिवाय आला. तेव्हा सगळे म्हणाले बघा, एसला कधीच झेपणार नाही. एप्रिल २०२५ च्या ८ व्या पॅचमध्ये, म्हणजे गेमच्या अपडेटमध्ये, ते एसवर आलं! मग अशक्य कुठे होतं?

ऐरोली नाइट शिफ्ट

अशक्य मी म्हणालोच नाही. डिसेंबर २०२३ ते एप्रिल २०२५, सोळा महिने. बाल्डर्स गेट बनवणाऱ्या लॅरियनकडे शेकडो माणसं आणि गेम तुफान चाललेला, त्यांना परवडलं. वीस माणसांच्या स्टुडिओने सोळा महिने पगार कुठून द्यायचे? ब्लॅक मिथ वुकाँग २० ऑगस्ट २०२४ ला पीसी आणि प्लेस्टेशन ५ वर आला आणि एक्सबॉक्सवर बरोबर एक वर्षाने. मध्ये तो बनवणाऱ्या स्टुडिओच्या प्रमुखाने याच १० जीबीचं नाव घेतलं होतं. म्हणजे तुझ्या नियमामुळे एसवाल्याला वर्षभर मिळाला नाही आणि एक्सवाल्यालापण नाही. नियम नसता तर निदान एक्सवाला आधी खेळला असता.

कपड्यांचं म्हणशील तर हो, ते बरोबर बोललास. ती चूक छोट्यामुळेच सापडली. पण चोराचा पाठलाग विसरू नकोस.

मला विचारशील तर सायबरपंक गेमवाल्यांनी शेवटी केलं तसं करावं. त्यांनी २०२० मध्ये प्लेस्टेशन ४ वर विकला, १० डिसेंबरला आला आणि १८ तारखेला सोनीने स्टोअरवरून काढला, एवढी वाईट अवस्था. पुढे २०२३ मध्ये त्याच गेमचा जास्तीचा भाग, फँटम लिबर्टी, आणली तेव्हा त्याआधीच सरळ सांगितलं होतं, जुन्या कन्सोलवर येणार नाही. त्या दिवशी मला त्यांचा आदर वाटला. नाही म्हणायचं तर आधी म्हणावं, पैसे घेऊन झाल्यावर नाही.

मानपाडा पीएस५

हे पटलं. विकतानाच पानावर लिहा ना, ह्या मशीनवर सेकंदाला एवढे फ्रेम, एवढं रिझोल्यूशन, ह्या ह्या गोष्टी नाहीत. पंख्याच्या खोक्यावर पण किती वॉट ते लिहिलेलं असतं.

पूर्वा, नेरूळ

आणि अक्षराचा एक फोटो, खऱ्या स्क्रीनवरचा.

पाचपाखाडीकर

लिहायलाच हवं, ह्यावर माझं काही भांडण नाही. नियमाबद्दल मात्र मी अजून तिथेच आहे. नाइट शिफ्ट म्हणतो तसा नियम काढला तर वीस माणसांचा स्टुडिओ सुटेल हे खरं, पण त्याच दाराने हजार माणसांचापण बाहेर पडेल आणि त्याला कोणी विचारणार नाही. लहान स्टुडिओला सहा महिने-वर्षाची सवलत द्या, मोठ्याला नको. एवढं मी सोडायला तयार आहे.

नाइट शिफ्ट, एक खरंच विचारायचं होतं. तुमच्याकडे छोट्या कन्सोलवर पहिलं टेस्टिंग गेम किती झाल्यावर सुरू होतं?

ऐरोली नाइट शिफ्ट

आमच्याकडे आलेल्या बहुतेक कामांत, सगळं मोठ्यावर बनून झाल्यावर. बाजार वाला गेम माझ्या टेबलवर आला तेव्हा रिलीजला अकरा आठवडे होते.

पाचपाखाडीकर

अकरा आठवडे. म्हणजे बाजारात किती माणसं बसतात हे कोणीतरी दोन वर्षं आधीच मोजायला हवं होतं, आणि ते तुझं काम नव्हतं. माझं तुझ्याशी भांडण नाहीये भावा, ते त्या आधीच्या दोन वर्षांशी आहे.