मदत हवी आहे: आयटीआयच्या पोरांना कंपनीत ट्रेनिंग कसं मिळवून द्यायचं?

नमस्कार मंडळी, मी तालुक्याच्या सरकारी आयटीआयत टर्नर ट्रेडला निदेशक आहे. आमचे लेथ (धातू फिरवून कातायची मशीन) जुने, टेलस्टॉक (तुकड्याचं दुसरं टोक धरणारा भाग) लाईनमध्ये राहत नाही, त्यामुळं पोरगं कितीही जीव लावून जॉब (कातायचा तुकडा) करू दे टेपर येतोच, म्हणजे एक टोक जाड, दुसरं बारीक, आणि मायक्रोमीटर लावला की बिचाऱ्याचं तोंड उतरतं. सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) तर फक्त मोबाईलवर बघितलंय.

केंद्राची ड्युअल सिस्टिम ऑफ ट्रेनिंग 2016 पासून आहे, म्हणजे थिअरी आणि बेसिक प्रॅक्टिकल आयटीआयत आणि पुढचं कंपनीत. मला हाच रस्ता पटतो कारण नव्या मशिनरीची वाट बघेपर्यंत दोन वर्षांची बॅच पास होऊन निघून जाते. पण एमआयडीसीतले छोटे कारखानदार विचारतात, पोराला लागलं तर जबाबदारी कोणाची? त्यांचंही बरोबर आहे. आणि मला धास्ती अशी की मशीनवर उभं करायचं सोडून पोरांना पॅकिंगलाच लावतील.

कुणी असा करार केलाय का? विमा कुणी काढला, लॉगबुक कोण तपासतं, आयएमसीचे (आयटीआयच्या व्यवस्थापन समितीचे) अध्यक्ष इंडस्ट्रीतले असतात त्यांची काही मदत होते का? कराराचा नमुना असेल तर प्लीज पाठवा, ॲडमिशन सुरू व्हायच्या आत चार कारखान्यांशी तरी बोलायचंय.